शनिवारच्या रेडिओवर ऑपेरा आणि चित्रपटसंगीत शेजारी कसे आले?

१/
बीबीसीच्या 'रेडिओ थ्री' या अभिजात संगीताच्या वाहिनीवर अनेक वर्षे शनिवारी दोन गोष्टी ऐकायला मिळत आल्या आहेत : दुपारी चित्रपटांचे पार्श्वसंगीत आणि सायंकाळी अखंड ऑपेरा. १९९२ साली सुरू झालेल्या 'क्लासिक एफएम'नेही चित्रपटसंगीताला मोत्झार्ट आणि बेथोव्हेनच्या पंगतीत बसवले. वरवर पाहता ही जोडी विजोड वाटते. एक कला राजेरजवाड्यांच्या आश्रयाने वाढलेली, दुसरी तिकीटबारीवर. हे शेजार जमले कसे, याचा इतिहास सांगणारा हा थ्रेड. लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
प्रथम ऑपेराविषयी दोन शब्द. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांनी आपले संगीत नाटक डोळ्यांसमोर आणावे. फरक एवढाच की संगीत नाटकात संवाद बोलले जातात आणि पदे गायली जातात, तर बहुतेक ऑपेरांत संवादही गायले जातात. रंगमंचापुढच्या खोलगट जागेत पन्नास-साठ, कधी शंभर वादकांचा वाद्यवृंद बसतो. हा खर्च प्रचंड. म्हणून ऑपेरा कायमच कोणा ना कोणा धनिकाच्या किंवा शासनाच्या आधाराने जगला. हा खर्चाचा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा येणार आहे.

३/
ऑपेरा आणि रेडिओ यांची गाठ फार लवकर पडली. १३ जानेवारी १९१० रोजी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमधून ली डी फॉरेस्ट या संशोधकाने प्रायोगिक प्रक्षेपण केले. गाणाऱ्यांत एन्रिको कारूसो होता, त्या काळातला सर्वांत विख्यात गायक. ऐकणारे मोजकेच होते आणि जे ऐकू आले त्यात खरखरच अधिक होती. तरीही बंद दारांआड, उंची तिकिटे काढून ऐकायचे संगीत त्या रात्री भिंतीबाहेर पडले.

४/
'मेट'चे व्यवस्थापक जूलिओ गात्ती-कासात्सा यांना मात्र रेडिओचे वावडे होते. ऑपेरा हा पाहण्याचा आणि ऐकण्याचा एकत्रित सोहळा आहे, तो एका खोक्यात कोंबता येणार नाही, असे त्यांचे मत. मग १९२९ ची महामंदी आली. वर्गणीदार गळाले, तिजोरी रिती होऊ लागली. अखेर नॅशनल ब्रॉडकास्टिंग कंपनीशी करार झाला आणि २५ डिसेंबर १९३१ रोजी, नाताळच्या दिवशी, हुम्परडिंकचा 'हेन्सेल आणि ग्रेटेल' हा ऑपेरा संपूर्ण प्रक्षेपित झाला. जे तत्त्वाने नाकारले होते ते अखेर गरजेने स्वीकारले.

५/
त्या दिवशी निवेदन करणारा मिल्टन क्रॉस पुढे चार दशकांहून अधिक काळ, १९७५ साली मृत्यू येईपर्यंत, त्याच खुर्चीत बसला. पडदा वर जाण्यापूर्वी तो कथानक सांगे, रंगमंचावरचे नेपथ्य आणि वेशभूषा शब्दांनी उभी करी. ७ डिसेंबर १९४० पासून टेक्साको ही तेल कंपनी प्रायोजक झाली आणि हे प्रायोजकत्व २००४ पर्यंत टिकले. ज्यांनी आयुष्यात ऑपेरागृहाची पायरी चढली नाही, अशा गावोगावच्या लाखो अमेरिकनांसाठी शनिवारची दुपार म्हणजे ऑपेरा, असे समीकरण झाले.

६/
१९४० मध्ये 'मेट'ने स्वतःची इमारत विकत घेण्यासाठी दहा लाख डॉलर उभे करण्याचे आवाहन केले. त्या निधीत रेडिओच्या श्रोत्यांनी पाठवलेल्या लहान लहान रकमांचा वाटा लक्षणीय होता. म्हणजे उच्चभ्रूंची मानली जाणारी ही संस्था कठीण काळात जगली, त्यात घरबसल्या ऐकणाऱ्या सामान्यांचाही हात होता. ऑपेरा लोकांपर्यंत पोहोचण्याचा हा झाला एक मार्ग. दुसरा मार्ग त्याच वर्षांत चित्रपटगृहांमधून जात होता, पण त्याला कोणी ऑपेराचा मार्ग म्हणत नव्हते.

७/
त्यासाठी थोडे मागे, १८७६ साली, जर्मनीतील बायरॉइट गावी जायला हवे. रिचर्ड वाग्नरने स्वतःच्या ऑपेरांसाठी तेथे नाट्यगृह बांधवले. प्रयोगाच्या वेळी प्रेक्षागृह अंधारलेले आणि वाद्यवृंद रंगमंचाखाली, छताने झाकलेल्या खड्ड्यात लपवलेला. प्रेक्षकाने केवळ समोरच्या उजळलेल्या चौकटीकडे पाहावे, आणि संगीत कोठून येते ते त्याला दिसू नये. अंधार, उजळलेली चौकट, अदृश्य वाद्यवृंद : चित्रपट जन्माला येण्याआधी दोन दशके वाग्नरने जणू चित्रपटगृहच बांधून ठेवले होते.

८/
वाग्नरचे दुसरे देणे म्हणजे 'लाइटमोटिफ'. पात्र, वस्तू किंवा भावना यांच्यासाठी एकेक छोटी सुरावट ठरवायची. ते पात्र आले, किंवा कोणाच्या मनात त्याची आठवण जरी जागली, की ती सुरावट वाद्यवृंदात उमटवायची. प्रसंग बदलला की तिचा रंग बदलायचा. गायक जे बोलत नाही ते वाद्यवृंद सांगतो. आज खलनायक पडद्यावर येण्याआधीच त्याची धून ऐकून आपण सावरून बसतो, तेव्हा हीच युक्ती आपल्यावर चाललेली असते.

९/
बोलपट आले तेव्हा पहिली काही वर्षे निर्माते संवादांखाली संगीत ठेवायला कचरत. अरण्यात किंवा समुद्रात वाद्यवृंद कोठून आला, असे प्रेक्षक विचारतील, ही भीती. ती मोडून काढणाऱ्यांत माक्स श्टाइनर अग्रणी होता. त्याचा जन्म १८८८ चा, व्हिएन्नाचा. आजोबा तेथील प्रसिद्ध 'थिएटर आन डेर वीन'चे व्यवस्थापक. १९३३ च्या 'किंग काँग'साठी त्याने संपूर्ण वाद्यवृंदाचे पार्श्वसंगीत रचले. पडद्यावरचा कचकड्याचा वानर त्या संगीतामुळे भीतिदायक झाला, आणि अखेरीस करुणही.

१०/
आता या कहाणीचा नायक. एरिक वोल्फगांग कॉर्नगोल्ड, जन्म २९ मे १८९७, ब्रनो (आजच्या चेक प्रजासत्ताकात). वडील यूलियस हे व्हिएन्नाच्या 'नॉये फ्राये प्रेसे' या वृत्तपत्राचे दरारा असलेले संगीत समीक्षक. मुलगा अवघ्या नऊ-दहा वर्षांचा असताना त्याने स्वतःची रचना गुस्ताव माहलरला वाजवून दाखवली आणि माहलरने त्याला अलौकिक प्रतिभेचा ठरवले. १९१० साली त्याची नृत्यनाट्यिका व्हिएन्नाच्या दरबारी ऑपेरात सादर झाली, तेव्हा तो तेरा वर्षांचा होता.

११/
४ डिसेंबर १९२० रोजी त्याचा 'डी टोटे श्टाट', अर्थात 'मृत नगरी', हा ऑपेरा हाम्बुर्ग आणि कोलोन या दोन शहरांत एकाच रात्री प्रथम सादर झाला. वय तेवीस. दिवंगत पत्नीच्या स्मृतीत बुडालेला पुरुष आणि भूतकाळातून बाहेर पडण्याची त्याची धडपड, असे कथानक. नुकत्याच संपलेल्या महायुद्धात घराघरांतून माणसे गेली होती. त्या श्रोत्यांना हे दुःख अनोळखी नव्हते. पुढच्याच वर्षी हा ऑपेरा न्यूयॉर्कच्या 'मेट'मध्ये पोहोचला.

१२/
१९३४ मध्ये दिग्दर्शक माक्स राइनहार्टच्या बोलावण्यावरून कॉर्नगोल्ड हॉलिवूडला गेला. काम होते शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'च्या चित्रपटासाठी मेंडेल्सझोनच्या संगीताची जुळवणी करण्याचे. पाठोपाठ 'कॅप्टन ब्लड' (१९३५) आला. अवधी सुमारे तीन आठवड्यांचा. वेळ अपुरा पडल्याने एका प्रसंगासाठी त्याने लिस्टच्या रचनेचा आधार घेतला. म्हणून श्रेयनामावलीत आपले नाव 'संगीतकार' असे न देता 'संगीत जुळवणी' असे द्यावे, असा आग्रह त्याने धरला. व्हिएन्नातून आणलेली शिस्त त्याने स्टुडिओत सोडली नव्हती.

१३/
त्याची कामाची रीतही ऑपेरावाल्याचीच. प्रक्षेपणगृहात चित्रफीत चालू करायला सांगायची, स्वतः पियानोवर बसायचे आणि दृश्य पाहत वाजवत राहायचे. संवाद म्हणजे त्याच्या लेखी गाणेच. नटाच्या आवाजाची पट्टी आणि बोलण्याची लय ध्यानात घेऊन, त्या आवाजाला झाकणार नाही अशी स्वररचना तो खाली विणत असे. गायकाच्या मागे वाद्यवृंद जसा वावरतो तसा. चित्रपटाकडे तो गाण्याविना ऑपेरा म्हणूनच पाहत होता.

१४/
जानेवारी १९३८. कॉर्नगोल्ड व्हिएन्नात परतला होता. 'डी काथरीन' या नव्या ऑपेराची तयारी चालू होती. तोच वॉर्नर ब्रदर्सची तार आली : 'द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड'साठी तातडीने या. तो पत्नी आणि धाकट्या मुलासह निघाला. हॉलिवूडला पोहोचून चित्रपट पाहिला आणि त्याने चक्क नकार दिला. तलवारबाजी आणि पाठलाग यांनी भरलेल्या चित्रपटाला आपले संगीत शोभणार नाही, असे त्याला वाटले.

१५/
१२ फेब्रुवारीला ऑस्ट्रियाचे चान्सलर शुश्निग यांना हिटलरने बेर्ख्टेसगाडेन येथे बोलावून धमकावले. बातमी कॅलिफोर्नियात पोहोचली. मायदेशी परतण्याचा मार्ग बंद होतो आहे, हे कॉर्नगोल्डला उमगले, आणि स्टुडिओचा संगीतप्रमुख पुन्हा गळ घालायला आला तेव्हा त्याने होकार दिला. १२ मार्चला जर्मन सैन्य ऑस्ट्रियात शिरले. कॉर्नगोल्ड ज्यू होता. त्याचे घर जप्त झाले. थोरला मुलगा आणि आईवडील व्हिएन्नातच होते. ते थोडक्यात निसटून त्याच्यापर्यंत पोहोचले.

१६/
म्हणजे रॉबिन हूडच्या जंगलातील ती उल्हसित रणवाद्ये अशा माणसाने लिहिली, ज्याला त्या आठवड्यांत आपले आप्त जिवंत आहेत की नाहीत याचीच चिंता होती. या चित्रपटाने आपला जीव वाचवला, असे तो पुढे सांगत असे, आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती. या संगीताला ऑस्कर मिळाले. त्याआधी 'अँथनी अ‍ॅडव्हर्स'च्या संगीताचे ऑस्कर नियमाप्रमाणे स्टुडिओच्या संगीतप्रमुखाच्या हाती गेले होते; या वेळी ते प्रत्यक्ष रचनाकाराला मिळाले. 'डी काथरीन' मात्र व्हिएन्नात होऊ शकला नाही; १९३९ मध्ये तो स्टॉकहोमला सादर झाला.

१७/
तो एकटा नव्हता. 'सनसेट बुलेव्हार्ड'चा संगीतकार फ्रान्झ वाक्समन याला १९३४ मध्ये बर्लिनच्या रस्त्यात नाझी गुंडांनी मारहाण केली होती. तो पॅरिसमार्गे हॉलिवूडला आला. आपण ज्याला 'हॉलिवूडचा आवाज' म्हणतो तो बऱ्याच अंशी मध्य युरोपच्या ऑपेरागृहांतून आणि संगीतशाळांतून आलेल्या माणसांचा आवाज आहे. आणि ऑपेराचा जुना खर्चाचा प्रश्नही येथे सुटला : पूर्ण वेळ पगारी वाद्यवृंद बाळगणे आता राजाला नव्हे, स्टुडिओला परवडत होते.

१८/
हाच काळ मुंबईतही एका निर्वासिताला घेऊन आला. वॉल्टर कॉफमन, जन्म १९०७, कार्ल्सबाडचा. बर्लिनमध्ये ऑपेरा-रचनाकार फ्रान्झ श्रेकर याचा शिष्य. १९३४ मध्ये तो मुंबईत उतरला आणि त्याच वर्षी त्याने 'बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी' सुरू केली. मेहली मेहता, म्हणजे झुबिन मेहतांचे वडील, त्याच्यासोबत व्हायोलिन वाजवत. १९३७ ते १९४६ या काळात कॉफमन आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर युरोपीय संगीताचा प्रमुख होता. आकाशवाणीच्या सुपरिचित संकेतधुनेचे श्रेयही सामान्यतः त्यालाच दिले जाते.

१९/
त्याने मुंबईत मोहन भवनानी यांच्या चित्रपटांसाठी काम केले आणि 'अनसूया' हा खास रेडिओसाठीचा ऑपेराही लिहिला. रेडिओ, ऑपेरा, चित्रपट : तिन्ही एकाच माणसाच्या कामात, आपल्याच शहरात. पोटासाठी सगळे करणाऱ्या निर्वासिताला 'उच्च' आणि 'नीच' अशी वर्गवारी परवडत नाही, हेही त्यामागे असावे. पुढे तो कॅनडा आणि अमेरिकेत गेला व उत्तर भारतीय रागांवर त्याने ग्रंथ लिहिला. आकाशवाणीची संकेतधून पहाटे ऐकत मोठ्या झालेल्या पिढ्यांना त्याचे नाव मात्र क्वचितच ठाऊक होते.

२०/
ही वर्गवारी किती कठोर असू शकते हे स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये पाहिले. नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळपास हद्दपार झाली. त्याच वर्षी शनिवारी रात्री शास्त्रीय संगीताचा 'राष्ट्रीय कार्यक्रम' सुरू झाला. या कार्यक्रमाने थोर कलावंत देशभर पोहोचवले, हे निर्विवाद. पण चित्रपटगीतांचा श्रोता रेडिओ सिलोनकडे वळला, आणि १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. येथे प्रश्न पार्श्वसंगीताचा नसून गीतांचा होता. तरी 'रेडिओने कशाला संगीत म्हणावे' हा वाद तोच.

२१/
पश्चिमेतही कॉर्नगोल्डवर हाच शिक्का बसला. हिटलरचा पाडाव होईपर्यंत मैफलीसाठी काही लिहिणार नाही, असे त्याने ठरवले होते. युद्ध संपल्यावर त्याने व्हायोलिन कॉन्चेर्टो पूर्ण केला. त्यातील सुरावटी त्याच्याच चित्रपटांतून घेतलेल्या. १५ फेब्रुवारी १९४७ रोजी याशा हायफेट्झने सेंट लुइसला तो प्रथम वाजवला. न्यूयॉर्कच्या समीक्षकाने आडनावावर कोटी करून त्याची खिल्ली उडवली. त्याच वर्षी आइस्लर आणि अडोर्नो या दोन निर्वासितांनी लिहिलेल्या ग्रंथात चित्रपटातील लाइटमोटिफवर टीका झाली : वाग्नरच्या तासन्‌तास चालणाऱ्या नाट्यात तो अर्थपूर्ण होतो, तुकड्यातुकड्यांच्या चित्रपटात केवळ पाटी ठरतो. हा आक्षेप आजही विचार करण्याजोगा आहे.

२२/
व्हिएन्नाने तरी त्याला जवळ करावे? १९४९ मध्ये तो परतला, पण शहर बदलले होते आणि संगीताची अभिरुचीही. १९५० मध्ये 'डी काथरीन' तेथे अखेर सादर झाला आणि अपयशी ठरला. १९५४ मध्ये ऑस्ट्रियाच्या रेडिओने त्याच्या एकमेव सिंफनीचे पहिले वादन प्रक्षेपित केले. तालमी इतक्या अपुऱ्या होत्या की ते प्रक्षेपण थांबवावे, अशी विनंती खुद्द रचनाकाराला करावी लागली. २९ नोव्हेंबर १९५७ रोजी हॉलिवूडमध्ये तो वारला. वय साठ. बालपणी ज्याला अलौकिक म्हटले गेले, तो विस्मृतीत गेला.

२३/
मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी, १९७२ मध्ये, चार्ल्स गेरहार्टने त्याच्या चित्रपटसंगीताची ध्वनिमुद्रिका काढली. निर्माता होता जॉर्ज, व्हिएन्नातून आईवडिलांसोबत निघालेला तोच धाकटा मुलगा. पडदा काढून घेतल्यावर हे संगीत स्वतःच्या पायावर उभे राहते, हे लोकांनी ऐकले. त्याच वर्षी म्युनिकला रुडॉल्फ केम्पेने ती सिंफनी सन्मानाने वाजवली. १९७५ मध्ये 'डी टोटे श्टाट' न्यूयॉर्कच्या रंगमंचावर परतला. १९७७ मध्ये 'स्टार वॉर्स'साठी जॉन विल्यम्सने लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राकडून जे वाजवून घेतले, त्यात कॉर्नगोल्डच्या रणवाद्यांचा वारसा स्पष्ट ऐकू येतो.

२४/
चित्रपटाने त्याच्या ऑपेराकडे परत जाण्याची वाट मोकळी केली. आज तो व्हायोलिन कॉन्चेर्टो जगभरच्या मैफलींत वाजतो. त्यामुळे शनिवारी दुपारी रॉबिन हूड आणि सायंकाळी ऑपेरा लागतो, तेव्हा रेडिओ लोकानुनय करतो असे मला वाटत नाही. एका घराण्याच्या दोन शाखा होत्या; एक ऑपेरागृहात राहिली, दुसरी जीव मुठीत धरून समुद्रापार गेली. रेडिओच्या कार्यक्रमपत्रिकेने त्यांना पुन्हा एका छताखाली आणले आहे.

२५/
ऐकायचेच असेल तर हा क्रम धरा : आधी 'रॉबिन हूड'चे संगीत, मग व्हायोलिन कॉन्चेर्टो, शेवटी 'डी टोटे श्टाट'. मागे मागे जात ऐकले की हात एकच आहे हे कानांना कळते. मुंबईकरांनी जमल्यास चर्नी रोडजवळचे रॉयल ऑपेरा हाउसही पाहून यावे. १९११ मध्ये ऑपेरासाठी उद्घाटन झालेली ती वास्तू पुढे अनेक दशके चित्रपटगृह होती, १९९३ मध्ये बंद पडली आणि २०१६ मध्ये पुन्हा उघडली. तेथे आता ऑपेराही होतो.
आपल्या संगीत रंगभूमीवरून चित्रपटाकडे गेलेल्या कोणत्या संगीतकारावर पुढचा थ्रेड वाचायला आवडेल, ते खाली जरूर लिहा.